घळीतली दुसरी बाई

सबहाला माणसाचं तोंड एकवेळ आठवायचं नाही, पण पाऊल ती विसरत नसे. सिनाईच्या त्या डोंगरांत तिच्या वयाच्या सगळ्याच बायकांना पावलं वाचता येतात, पण सबहा ती उलटतपासणी घेतल्यासारखी वाचायची. कोण कुणाच्या विहिरीवर गेलं, कुणाचा जावई रुसून परतला, कुणाची शेळी कुणाच्या बागेत शिरली, हे तिला वाळूवरून कळायचं आणि वस्तीला तिच्याकडून. संशयाला तिला निमित्त फार लागत नसे. साखर लवकर संपली तर ती आधी सुनेच्या पेल्याकडे बघायची. लोक तिची चेष्टा करायचे, पण पाठीमागे, कारण दोन-तीन चोऱ्या तिने खरोखरच पकडून दिल्या होत्या.

त्या वसंतात मात्र संशयाने तिच्याच घरात मुक्काम ठोकला. नवरा उवेद, तिच्या सख्ख्या काकाचा मुलगा, हिवाळ्यापासून गुडघे चोळत चुलीपाशी बसून होता. शेळ्यांचं सगळं सुनेने, हमीदाने, अंगावर घेतलं होतं. सबहाला घरात करमायचं नाही, म्हणून ती एकटीच वरच्या घळीत जाऊन रानपुदिना आणि औषधी पाला खुडून आणायची. निघताना उवेद विचारायचा, आज कुठल्या बाजूला जाणार? इतक्या वर्षांच्या संसारात त्याने हे कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी ती परतायची तेव्हा तो चुलीपाशीच असायचा, पण विस्तव नुकता पेटवलेला आणि चहाचं पाणी गार. एकदा तर त्याच्या झग्याच्या काठावर तांबडी वाळू दिसली. वस्तीतली वाळू करडी. तांबडी फक्त घळीत. शिवाय तो आणि हमीदा काहीतरी कुजबुजत असायचे आणि सबहा आत आली की दोघं एकदम शेळ्यांविषयी बोलायला लागायचे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मुरणाऱ्या पाण्याला नाव द्यायला तिला वेळ लागला नाही. घळीच्या माथ्याशी, खिंडीजवळ, नफला नावाच्या विधवेची बदामाची बाग होती. मागच्या एका लग्नात याच नफलाने उवेदच्या पेल्यात न विचारता चमचाभर जास्तीची साखर घातली होती. सबहाने ते पाहिलं होतं आणि जपून ठेवलं होतं. दुसरी बायको करायला पुरुषाला कुणी अडवत नाही. पण आधी पहिलीला सांगायचं असतं, चोरून गुडघे धरून बसायचं नसतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने ठरवून टाकलं. घळीत पुरावा सापडला, तर तशीच पुढे खिंड ओलांडायची आणि पलीकडे भावाच्या, सुवेलिमच्या घरी जाऊन बसायचं. दुखावलेली बायको भावाकडे जाते आणि नवरा चार म्हातारे घेऊन तिला परत मागायला येतो, अशी तिथली रीत. सबहाचा बेत त्याच्याही पुढचा होता. म्हातारे आले काय आणि त्यांनी जमिनीवर नाक घासलं काय, ती परतणार नव्हती. गाठोड्यात भाकरी, खजूर आणि चहाचा काळा डबा होता; त्यांच्याखाली तिने आईच्या चांदीच्या बांगड्या आणि ठेवणीतला झगा दडपला.

सकाळी तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ती खाली दवाखान्यात डोळ्यांचं औषध आणायला जातेय, संध्याकाळ होईल. उवेदला रान मोकळं मिळावं, हाच तिचा डाव होता. खालच्या वाटेने ती टेकडीआड गेली, मग वळसा घालून घळीच्या तोंडाशी आली आणि चढायला लागली.

पहिला टप्पा नुसत्या गोट्यांचा. तिथे पाऊल उमटत नाही. दोन्हीकडचे कडे जवळ येत गेले, आभाळाची नुसती पट्टी उरली. मधेच एखादा खडा वरून घरंगळायचा आणि सबहा थबकून वर बघायची. आपल्याकडे कुणीतरी बघतंय असं तिला सकाळपासून वाटत होतं. पण तसं तिला नेहमीच वाटायचं.

मग कड्याखालचं वळण आलं. तिथे वारा पोचत नाही आणि पावलं दिवसेंदिवस तशीच राहतात. गेल्या आठवड्यातल्या वावटळीने बाकी सगळं पुसून काढलं होतं. त्यानंतर सबहा इथून एकदाच वर गेली होती. ती गुडघ्यांवर बसली आणि वाचायला लागली.

उवेदचं पाऊल. डावा पंजा बाहेर वळलेला, शेजारी काठीचं भोक. चुलीपाशी बसलेला माणूस. आणि त्याच्यापुढे बाईचं पाऊल. बाजारात मिळते तीच प्लास्टिकची चप्पल, जी वस्तीतल्या सगळ्या बायका घालतात. पण चाल काही बाजारात मिळत नाही. ही बाई उजवा पाय उचलत नव्हती, ओढत होती. पावलं जवळजवळ पडलेली. दर थोड्या अंतरावर ती थांबलेली, कड्याला हात टेकून उभी राहिलेली. आणि निर्लज्जपणा असा, की थेट सबहाच्याच नेहमीच्या वाटेवरून, सबहाची पावलं मोडून गेलेली. सबहाचा एक ठसा शिल्लक नव्हता.

नफला इतकी म्हातारी झाली? सबहाला रागाबरोबर थोडं समाधानही वाटलं. हे काय शोधून काढलंन यानं, असं ती मोठ्याने म्हणाली. धड चालता येत नाही तिला.

ती माग काढत वर निघाली. बाई पुढे, उवेद मागे, पण अंतर राखून. प्रत्येक मोठ्या धोंड्याआड तो थांबला होता. एके ठिकाणी बाई सपाट दगडावर बसून पुदिना खुडत होती, देठं पडली होती. उवेदने मात्र बरंच खाली, खडकामागे बसून विड्या ओढल्या होत्या. या वयात लाजतात की काय, सबहाला कळेना. की कुणी पाहू नये म्हणून? सुतावरून स्वर्ग गाठायची तिला सवय होती, पण इथे सूतच नीट हाती येईना.

मग ती उभ्या कड्यापाशी आली, जिथे मोठा धोंडा घळ अडवून बसला आहे. तिथे चपटे दगड एकावर एक रचून पायऱ्या केल्या होत्या. नव्या. दगडांच्या खालच्या बाजूची ओल अजून पुरती वाळली नव्हती. शेजारी काठीची भोकं आणि गुडघे टेकल्याच्या खुणा. इथे मात्र सबहाला रडू फुटलं. याच धोंड्यावरून ती पोटुशी असताना चढली होती, पाठीवर पोर बांधून चढली होती. उवेदने तिच्यासाठी कधी एक दगड हलवला नव्हता. त्या बाईसाठी त्याने जिना बांधला. पुरावा मिळाला होता. तिने डोळे पुसले आणि त्या पायऱ्यांना पाय न लावता, खरचटून घेत, कडेने वर चढली.

वर पाण्याचं कुंड आहे, आणि तिथून खिंडीची वाट फुटते. सबहा कुंडाशी वाकून पोटभर पाणी प्यायली, तोंड धुतलं, ओल्या वाळूतून फेरी मारून गाठोड्याशी आली आणि ते उचलायला वळली. वाळूत पावलं होती. उजवा पाय ओढलेला. कडा अजून ढासळत होत्या. आत्ता, या क्षणी उमटलेली.

ती गर्रकन वळली. कुणी नाही. खडकामागे बघितलं, झुडपात बघितलं. ये ना समोर, ती ओरडली, तोंड दाखव. घळीने तिचाच आवाज परत दिला. मग ती वाकून त्या पावलांमागे निघाली. पावलं कुंडापाशी गेली, पाण्याशी वाकली, गोल फिरली आणि येऊन तिच्याच चपलांखाली थांबली.

सबहा खाली बसली.

आयुष्यभर ती पुढे चालली होती आणि शेळ्या मागे. तिचं पाऊल उमटायचं आणि शंभर खुरांखाली पुसून जायचं. सगळ्या डोंगराची पावलं तिला पाठ होती, स्वतःचं तिने कधी पाहिलंच नव्हतं. आपण अजून बारा-पंधरा वर्षांच्या पोरीसारखं चालतो, असं तिने गृहीत धरलं होतं. ती थकलेली, पाय ओढणारी, कड्याला टेकत जाणारी बाई तीच होती.

खालून काठी दगडावर आपटल्याचा आवाज आला. धोंड्याआडून पांढरं मुंडासं डोकावलं आणि पटकन मागे झालं.

"दिसलास," सबहा म्हणाली. "ये वर."

उवेद पायऱ्या चढून आला. एकेका पायरीवर थांबत, तोंड वाकडं करत. गुडघ्यांचं सोंग नव्हतं, हे आता कुणालाही दिसलं असतं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला आणि दम खात राहिला.

"दवाखाना खाली आहे," तो शेवटी म्हणाला. "तुझं पाऊल टेकडीमागून वर वळलेलं दिसलं."

"कधीपासून येतोयस मागे?"

"हिवाळ्यात तू त्या धोंड्यावरून पडलीस तेव्हापासून."

ती पडली होती हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कपडे झटकून, लंगडणं लपवून ती घरी आली होती. उवेद म्हणाला, दुसऱ्या दिवशी तो तिचं इथेच राहिलेलं रानपुदिन्याचं पोतं आणायला आला होता तेव्हा वाळूत तिच्या दोन्ही तळहातांचे ठसे होते आणि पुढे बराच वेळ बसल्याची खूण. तेव्हापासून तिचा उजवा पाय ओढला जातोय. हमीदाने सुचवलं की शेळ्या आपण घेऊ. त्याने सुचवलं की म्हातारीला घळीत जायला अडवू नये, अडवलं तर ती मरेल.

सबहाने मग त्याला सगळं सांगितलं. साखर, तांबडी वाळू, नफला, सुवेलिमचं घर. उवेद हसायला लागला, हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. सबहा हसली नाही.

"नफला असती तर बरं झालं असतं, काकाच्या पोरा," ती म्हणाली. "तिच्याशी भांडता तरी आलं असतं."

उवेदचं हसू थांबलं. त्याने तिच्या पायाकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"मग माझ्याशी भांड, काकाच्या पोरी," तो म्हणाला. "मी आहे की."

उतरताना तिने त्याला पुढे घातला आणि सुरुवात केली. पायऱ्यांचे दगड वाकडे लावलेत, तिसरी डगमगते, विड्या किती ओढतोस, सुनेशी कुजबुजायची लाज वाटत नाही का. घळ संपून वस्ती दिसेपर्यंत ती भांडतच होती.