आक्काच्या छातीतला ठोका

लग्न होऊन मी लोणी भापकरहून निमगाव केतकीला आले तेव्हा सोळा वर्षांची होते. माझी नणंद चौदाची. वयानं लहान असली तरी रिवाजाप्रमाणं मी तिला आक्का म्हणायची, आणि ती मला वैनी. घरात सासू, सासरे, माझा नवरा आणि आम्ही दोघी, एवढीच माणसं. थोडा पानमळा, थोडी वांगी-भेंडी, आणि आठवडी बाजार जवळ आला की पहाटेपासून पाट्या भरायची गडबड. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. आम्ही दोघी वांगी तोडत होतो. आक्का एकदम वाफ्याच्या वरंब्यावर बसली.

"वैनी, हात बघू तुजा," म्हणाली आणि माझा हात स्वतःच्या छातीवर दाबून धरला. "कोंबडी फडफडल्यावानी हुतंय का न्हाय?"

मी घाबरलेच. ठोके सरळ पडत होते, मग मधलाच एक गळाला, हाताखाली काहीच लागेना, आणि पुढचा दणकन आला. पुन्हा चार सरळ, पुन्हा एक गळाला.

"कवापास्नं हाय ह्ये?"

"लई दिस झालं. कुणाला सांगू नगं."

मी सांगितलं. संध्याकाळी चुलीपाशी सासूच्या कानावर घातलं. मी सासूला आत्याबाई म्हणायची. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझी तव्यावरची भाकरी करपली.

"तुला कसं कळलं आदी? आईला न्हाय कळलं आन् तुला कळलं?"

त्या प्रश्नानं सगळं सुरू झालं. सकाळचा गुळाचा चहा मी करायची. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई चुलीपुढून हलेनात. मी पातेल्यात काय टाकते ते बघत बसायच्या. आक्काची कपबशी त्या स्वतः विसळून, स्वतः भरून द्यायच्या. शेजारची एक म्हातारी येऊन त्यांच्याशी कुजबुजायची आणि मी आत गेले की दोघी गप्प व्हायच्या. आठ दिवसांनी माझी ट्रंक उघडलेली दिसली. आईनं लग्नात दिलेली औषधाची पुरचुंडी लुगड्यांच्या घडीतून नाहीशी झाली होती. त्यात वेखंड, सुंठ आणि ओवा, पोटदुखीसाठी. दुसरं काही नव्हतं.

मी नवऱ्याला विचारलं, "तुमालाबी तसंच वाटतं का, मी आक्काला कायतरी चारलं म्हणून?"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "मला काय वाटायचंय," म्हणाला. पण त्या दिवसापासून तोही माझ्या हातचा चहा आधी हुंगायचा आणि मग प्यायचा. हे त्याच्या ध्यानात नसावं. माझ्या होतं.

संशय एकाचा दुसऱ्याला लागतो. माझ्यावर सगळ्यांची नजर म्हटल्यावर मीही सगळ्यांवर नजर ठेवू लागले, सगळ्यात जास्त आक्कावर. विहिरीच्या पायऱ्या उतरताना ती एक हात भिंतीला लावायची. चुलीपुढं पाय दुमडून बसायची नाही, पाटावर टेकायची. पूर्वी मी तिची पाठ चोळून द्यायची, आता ती न्हाणीचं दार ओढून घ्यायची. तिच्या अंगाला तेलकट, उग्र वास यायचा. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात वाईट आलं. हिचं कुठं काही चुकलंय का, म्हणून ही अंग चोरते का, इथवर मी जाऊन पोचले. ज्या पोरीनं विश्वासानं माझा हात छातीवर घेतला तिच्याबद्दल.

एका दुपारी कालव्यावर धुणं धूत होतो. वाकताना तिचा परकर वर सरकला आणि मला तिचे गुडघे दिसले. दोन्ही गुडघ्यांवर काळेकुट्ट डाग, रांगेनं. घोट्यावरही तसेच. बिब्बा तापवून त्याचे चटके दिले की असे डाग पडतात. सांधे धरले की तेव्हा घरोघर हाच उपाय.

"कुणी घातलं ह्ये?"

"पडलीवती."

"पडल्यावर रांगंनं डाग पडत न्हाईत, आक्का."

ती रडायला लागली. श्रावणात तिचा घसा आठवडाभर धरला होता, ताप होता. तो उतरला आणि मग गुडघा सुजला. तो बरा होतो तोवर दुसरा, मग घोटे, मग मनगट. "आईनंच बिब्बं घातलं. म्हणली, कुणाला बोलायचं न्हाय, वैनीला तर न्हायच. कळंबची मानसं मला बघायला यायची हायेत. अधू हाय म्हणतील."

म्हणजे आत्याबाईंना पोरीचं दुखणं ठाऊक होतं, आणि तरी पुरचुंडी माझी उचलली होती! मी धुणं पिळून पाटीत भरलं. घरी येऊन मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर सून खोटं रचते म्हणाले असते.

पुढच्याच आठवड्यात आक्का पानमळ्यात चक्कर येऊन पडली. सासऱ्यांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "उद्याच्या एस्टीनं बारामतीला न्यायची," म्हणाले. आत्याबाई निघाल्या, आणि मलाही बरोबर घेतलं. का, ते एस्टीत बसल्यावर समजलं. माझी पुरचुंडी त्यांच्या कनवटीला होती.

बारामतीचे डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. आत्याबाईंनी आधी पुरचुंडीच त्यांच्या पुढ्यात ठेवली. "ह्यात काय हाय, तेवढं बघा."

मी जमिनीकडं बघत उभी राहिले. डॉक्टरांनी गाठ सोडली, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"वेखंड आन् सुंठ. ह्यानं काय होतंय?"

मग त्यांनी आक्काची नाडी धरली, घड्याळाकडं बघत, बराच वेळ. पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहिलं. गळ्याची गाठ वाढलीय का ते चाचपलं. छातीला नळी लावून ऐकलं. एकेक विचारत गेले. चहा किती पिते? मिश्री लावते का? अंगावरून जास्त जातं का? कशाची धास्ती घेतलीय का? कुणा वैदूची पूड खाल्ली का?

"ह्या वयात ठोका चुकायला यातलं काहीही पुरतं," ते म्हणाले. "कधी कधी काहीच कारण नसतं, आपोआप जातं. पण मला छातीत दुसरा एक आवाज ऐकू येतोय. घसा धरून ताप आला होता का? त्यानंतर सांधे सुजले होते?"

"न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. लगेच.

आक्का आईकडं बघत होती. मी गप्प बसले असते तर माझी त्या दिवशी सुटका झालीच होती, पुरचुंडीत काही निघालं नव्हतं. पण आक्काचे ओठ निळसर दिसत होते.

"तिचं गुडघं बघा, डॉक्टर," मी म्हणाले.

आत्याबाईंनी माझा दंड इतका आवळला की दोन दिवस वळ राहिला. डॉक्टरांनी परकर गुडघ्यापर्यंत सारला, डाग पाहिले आणि खुर्चीत मागं टेकले. रागावले नाहीत. सांध्यांचा हा ताप काळजाच्या पडद्यांवर जातो, तो तिथं गेलाय, म्हणाले. तीन महिने अंथरुणावर झोपून राहायचं, पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही, आणि दर महिन्याला पेनिसिलिनची सुई घ्यायची, कितीतरी वर्षं.

परतीच्या एस्टीत आत्याबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या. निमगावला उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता कळंबची मानसं येत न्हाईत." तसंच झालं. बातमी कशी कुणास ठाऊक पोचली, आणि ती मीच पोचवली असा गावात बोभाटा झाला. तो आत्याबाईंनी पसरवला की शेजारच्या म्हातारीनं, ते मला आजवर कळलं नाही.

पुष्कळ वर्षांनी, माझी स्वतःची लेक मोठी झाल्यावर, मी त्यांना धीर करून विचारलं. तिचे सांधे सुजलेले तुम्हाला ठाऊक होते, मग संशय माझ्यावर का घेतला?

त्या शेंगा फोडत होत्या. थांबल्या नाहीत. "तू कायतरी दिलं आसंल तर पोरगी माजी धड हाय, आसं वाटायचं," म्हणाल्या.

खरं सांगत होत्या असं वाटलं. पण त्या तोवर इतक्या वेळा खोटं बोलल्या होत्या की तेही मी पूर्ण मानलं नाही.

आक्का उठली, हिंडू-फिरू लागली. ठोका पुरता सरळ कधी झालाच नाही. एस्टीनं मीच तिला सुईसाठी बारामतीला न्यायची. चोविसाव्या वर्षी इंदापूरच्या एका बिजवरानं सगळं ऐकून घेऊन तिच्याशी लग्न केलं. डॉक्टरांनी मूल होऊ देऊ नका म्हटलं होतं, ते त्यानं पाळलं. पहिल्या बायकोचे दोन मुलगे तिनं वाढवले. दम लागायला लागला की दारातल्या बाजेवर बसून ती त्यांच्याकडून परीक्षेचे धडे वाचून घ्यायची, आणि मी भेटायला गेले की मला शेजारी बसवून सगळ्या गावच्या गोष्टी विचारायची.