गुद्रुनला ऐकू आलेला कडा

गुद्रुन नेसहाईमने 'व्हायोला'च्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं काढली. अमेरिकेतल्या प्यूजेट साउंड या समुद्री खाडीच्या बेटाबेटांतून माणसं, कोंबड्या, दुधाचे कॅन आणि टपाल नेणारी ही छोटी आगबोट. नवरा समुद्रात बुडाला तेव्हापासून ती इथेच बटाटे सोलत होती, आणि सोलता सोलता शिट्टीचा प्रतिध्वनी ऐकत होती.

धुक्यात सगळेच कॅप्टन शिट्टी देत आणि आवाज परत येईपर्यंत सेकंद मोजत. आवाज जाऊन परत यायचा, म्हणून सेकंदाला साडेपाचशे फूट अंतर. गुद्रुनला त्याहून जास्त कळायचं. कड्यावरून आवाज टणकन परत यायचा, झाडीतून मऊ होऊन, गोट्यांच्या किनाऱ्यावरून विस्कटत.

१९११च्या नोव्हेंबरात एका सकाळी धुकं एवढं दाटलं की बोटीचं नाक दिसेना. बोटीवर एकतीस उतारू होते. कॅप्टन आस्लाकने शिट्टी दिली. खाली कणीक मळता मळता गुद्रुनने मोजलं. डावीकडून टणक उत्तर, दोन सेकंदांनी. आता बोट उजवीकडे वळायला हवी होती. वळली नाही. पुढच्या शिट्टीचं उत्तर एका सेकंदात आलं.

ती पिठाच्या हातांनीच वर धावली.

"कॅप्टन, वळवा! डावीकडे कडा आलाय!"

"कसला कडा? प्रतिध्वनी कुठे आलाय अजून?"

त्याचा चेहरा बघून तिच्या लक्षात आलं. वीस वर्षं शिट्टीच्या बुडाशी उभं राहून त्याचे कान अधू झाले होते, आणि तो ते सगळ्यांपासून लपवत होता.

"आलाय! तुम्हाला ऐकू येत नाहीये!" ती ओरडली.

आस्लाकने सुकाणूचं चक्र गरकन उजवीकडे फिरवलं. "तू ऐक. मी वळवतो."

दारात अंड्यांचा व्यापारी पिकेट उभा होता. "स्वयंपाकीण बोट हाकणार? मग सूप काय इंजिनवाला करणार?"

"सूप तयार आहे, पिकेटसाहेब. खाली जाऊन तोंडात घाला, म्हणजे मला ऐकू येईल."

गुद्रुनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. शिट्टी झाली. दोन्हीकडची उत्तरं एकदम आली.

"मधोमध आहोत. सरळ!"

थोड्या वेळाने उजवीकडचं उत्तर येईनासं झालं. तिथे किनारा तुटला होता, म्हणजे खाडीचं तोंड आलं होतं.

"उजवीकडे घ्या. हळू, अगदी हळू."

पुढची शिट्टी झणझणत परत आली. लाकडाच्या गिरणीचा पत्रा! बोटी लागायचा धक्का गिरणीच्याच पायाशी होता.

"इंजिन बंद!"

'व्हायोला' धक्क्याच्या खांबांना हलकेच टेकली. एकतीस माणसांनी असा गलका केला की गिरणीतले कामगार बाहेर धावले. पिकेटने मुकाट्याने टोपी काढली.

"आजपासून मी चक्राला हात लावणार नाही," आस्लाक म्हणाला. "पण तुला सगळं शिकवून मगच घरी बसेन."

हिवाळाभर त्याने तिच्याकडून नकाशे घोटून घेतले. वसंतात ती सिअ‍ॅटलला कॅप्टनच्या परवान्याच्या परीक्षेला बसली.

"हे सगळं स्वयंपाकघरात शिकलात?" परीक्षकाने हसत विचारलं.

"हो. तिथे बोलायला कुणी नसायचं, म्हणून नीट ऐकू यायचं."

त्याने आणखी तासभर खोदून खोदून विचारलं. ती कुठेच अडली नाही. शेवटी त्याने परवान्यावर सही केली आणि उठून तिच्याशी हात मिळवला.

त्याच आठवड्यात 'व्हायोला' तिच्या ताब्यात आली. खाली नवा स्वयंपाकी ठेवावा लागला. पहिल्याच दिवशी त्याने मासे करपवले. कॅप्टन गुद्रुनने चक्रापाशी उभ्या उभ्या, अकरा वर्षांनी दुसऱ्याच्या हातचे म्हणून, ते चवीने खाल्ले आणि आणखी मागवले.