एका माणसाला एकच चूल

जर्मनीत जाऊन काय शिकलास असं कुणी विचारलं, की मी सांगतो, प्लास्टिक तोडायला शिकलो. खोटं नाही. कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत मी पीएच.डी. करत होतो आणि माझं काम एवढंच होतं, की काचेचे धागे घातलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या यंत्रात अडकवायच्या, तुटेपर्यंत ताणायच्या आणि मग त्या का तुटल्या याची कारणं शोधायची. आठवडाभर हे बरं चालायचं. यंत्राचा आवाज असायचा, कॅन्टीनमध्ये समोर कुणीतरी जेवत असायचं. शनिवारी दुपारनंतर मात्र गावाला जणू कुलूप लागायचं. रविवारी तर दुकानंही बंद. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात मी खिचडी लावायचो आणि कुकरच्या शिट्टीबद्दल तक्रार करायला तरी कुणी येईल म्हणून वाट बघायचो. कुणी येत नसे.

पुण्यामुंबईची मुलं तिथे होती, नाही असं नाही. पण ती चोवीस-पंचवीसची, आणि मी नोकरी सोडून उशिरा शिकायला आलेला. त्यांच्या गप्पांत मी जाऊन बसलो, की ती सावरून बसायची. एकाने तर मला ‘सर’ म्हटलं. त्यानंतर मी गेलो नाही. माझा स्वभाव तसा तिरसटच. एकटेपणा खुपतो, पण आपणहून कुणाचं दार वाजवायचं म्हटलं की स्वाभिमान आडवा येतो.

आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची देखभाल करणारा एक तंत्रज्ञ होता. माझ्याच वयाचा, बोलायला कमी, हाताने चोख. एकदा माझ्या एका पट्टीवर त्याला पिवळा डाग दिसला आणि तो वैतागला. असा डाग पडला की चाचणी वाया जाते. डाग माझ्याच बोटांचा होता. निघताना आईने पाकिटात भंडाऱ्याची पुडी ठेवली होती आणि ती सुटली होती. मी माफी मागितली आणि ही आमच्या कुलदैवताची हळद, असं कसंबसं समजावलं. तो पट्टी विसरला. प्रत्येक घराण्याचं वेगळं दैवत असतं? ते बापाकडून मुलाकडे येतं? त्याची पूजा घरातच होते, भटजी लागत नाही? मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो. शेवटी तो म्हणाला की येत्या रविवारी तू आमच्याकडे जेवायला ये.

रविवार म्हटल्यावर मी आणखी काही विचारलं नाही.

बसमध्ये त्याने मला सगळं सांगितलं. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधले जुने गेलिक लोक ख्रिस्ती होण्याआधी ज्या देवांना भजत होते, ते देव तो, त्याची बायको आणि आणखी काही मंडळी पुन्हा पुजत होती. त्यांना देऊळ नव्हतं, गुरू नव्हता. एक घर, त्या घराची चूल, त्या घराचे पूर्वज, आणि अशी दोन-तीन घरं मिळून एक टोळी. टोळीला ते ‘टूअ’ म्हणत. मला वाटलं, आता पांढरे झगे घातलेली माणसं जंगलात नाचताना दिसणार, आणि आपल्याला हसू आवरणार नाही. प्रत्यक्षात जंगलाच्या कडेला एक साधं घर होतं, आत लोकरीचे स्वेटर घातलेली पाचसहा माणसं होती आणि बटाटे उकडत होते.

ते घर एका सत्तरीच्या बाईंचं. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलं नाहीत. टोळीची चूल त्यांच्या घरात, म्हणून टोळीत त्यांचा शब्द शेवटचा. मी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणत असे. तोंडाने कधी म्हटलं नाही, कारण मग त्याचा अर्थ सांगावा लागला असता.

चूल म्हणजे काळी लोखंडी शेगडी, काचेचं दार असलेली. जेवणाआधी मावशी तिच्यात लोण्याचा तुकडा टाकत आणि गेलिक भाषेत काही पुटपुटत. ही भाषा त्या सीडी ऐकून शिकल्या होत्या आणि आयरिश माणसाला ती कळेल याची त्यांना खात्री नव्हती. मग पूर्वजांची नावं घ्यायची. प्रत्येकजण आपापली घेई. मावशी सगळ्यात शेवटी आपल्या वडिलांचं नाव घेत, तेही खालच्या आवाजात. ते हिटलरच्या माणसांपैकी होते, हे मला तंत्रज्ञाने परतीच्या बसमध्ये सांगितलं. या देशात रक्ताच्या आणि वंशाच्या गोष्टी करणाऱ्यांनी जे करून ठेवलं, त्यामुळे मावशीला इथले जुने देव नको झाले होते. म्हणून त्यांनी दूरचे देव धरले आणि एक नियम घातला, की आपल्याकडे नातं रक्ताने ठरणार नाही, चुलीने ठरेल. ज्या चुलीवरचं तुम्ही रोज खाता आणि जिला रोज सांभाळता, ते तुमचं घर.

मला हे फार आवडलं. खरं सांगायचं तर मला तिथलं सगळंच आवडलं. पाहुणा म्हणून मला शेगडीजवळची खुर्ची मिळे, पहिलं वाढणं मला होई, आणि मी ताट उचलायला लागलो की चार हात मला अडवत. गेलिक लोकांत पाहुण्याचा मान फार मोठा. आपल्याकडे म्हणतात, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इथे मी महिनोन्‌महिने पाहुणा होतो आणि माझी अक्कल गेली असं कुणी म्हणत नव्हतं.

त्यांना माझ्याकडून ऐकायची हौस होती. त्यांनी पुस्तकं उकरून, इंटरनेटवर भांडून जे थोडंफार जमवलं होतं, ते माझ्या घरात कधी तुटलंच नव्हतं, याचं त्यांना अप्रूप. पण त्यांनी कुळाचार विचारला आणि माझी बोबडी वळली. देव कुठले, एवढंच मला ठाऊक होतं. मग मी फोनचं कार्ड विकत घेतलं आणि साताऱ्याला आईला विचारलं. ती आधी घाबरली, तिला वाटलं मी आजारीबिजारी आहे. मग जी बोलायला लागली, ती कार्ड संपेपर्यंत. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा, तळी कुणी उचलायची, टाक कशाने घासायचे, सवाष्ण कधी सांगायची. इतकी वर्षं हे सगळं ती माझ्या डोळ्यांसमोर करत होती आणि मी पेपर वाचत होतो. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

त्या वर्षी चंपाषष्ठीला मी मावशीच्या शेगडीत वांगी भाजली. जर्मनीतली वांगी, बेचव आणि पाणचट. तरी सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली आणि तळी उचलताना माझ्याबरोबर ‘येळकोट’ म्हटलं. आमच्या भागातल्या, पॅलाटिनेटच्या जंगलाकडेला पाच जर्मन माणसं भंडारा लावून बसलेली बघून मला हसायला हवं होतं. मला रडू आलं. बाहेर जाऊन मी नाक शिंकरून आलो.

दुधाची तहान ताकावर, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मला ते ताकही पुरत होतं, पण ते हक्काचं हवं होतं. रविवारी संध्याकाळी सगळी पांगत आणि मी बसस्टॉपवर उभा राहायचो, तेव्हा मला कळायचं की आतल्यांपैकी मी नाही. ती माणसं एकमेकांना आजारपणात बघायला जात, किल्ल्या ठेवत, भांडत. माझ्याशी कुणी भांडत नसे. माझ्या खोलीत मला ताप आला तेव्हा मी तीन दिवस ब्रेड खाऊन काढले आणि कुणाला कळलं नाही, कारण पाहुणा आला नाही तर त्याला काही काम असेल, असंच लोक समजतात.

उन्हाळ्यात एका दुपारी स्वाभिमान बाजूला ठेवून मी मावशीला विचारलं, की मला टोळीत घ्याल का. वाक्य मी घरी पाठ करून गेलो होतो. त्या बागेत करवंदासारखी कसली तरी फळं खुडत होत्या. हातातलं भांडं खाली ठेवून त्यांनी मला विचारलं की तुझ्या आईकडे अजून देवापुढे दिवा लागतो ना. मी म्हटलं, रोज.

“आल्झो,” जर्मन माणसं बोलण्याआधी म्हणतात तसं त्या म्हणाल्या, “मग कसं घेणार तुला? एका माणसाला एकच चूल. तुझी तिकडे पेटती आहे. आम्ही तुला घेतलं तर ती तुझ्या आईच्या घरात केलेली चोरी होईल.”

मी म्हटलं की ती चूल सात समुद्रांपलीकडे आहे. त्या म्हणाल्या, चुलीला अंतर नसतं. आणि माझ्या हातावर मूठभर फळं ठेवली.

मी भयंकर चिडलो. परदेशी लोकांना राहायचा परवाना देणाऱ्या कचेरीतही मला दरवर्षी असंच गोड बोलून सांगत, की राहा, पण तात्पुरते. इथल्या देवांनीही तिथेच नोकरी धरलेली दिसत होती. तत्त्वं पाळावीत तर जर्मनांनीच, असं बसमध्ये मोठ्याने मराठीत बोललो. कुणाला कळलं नाही, त्यामुळे भांडणाचं समाधानही मिळालं नाही. पुढचे काही रविवार मी गेलो नाही. खिचडी लावली. मग निमूटपणे परत जाऊ लागलो, शेगडीजवळच्या त्याच खुर्चीवर.

गणपती झाल्यावर आईचा फोन आला. ती आपणहून फोन करत नसे, पैसे पडतात म्हणून. धाकट्या भावाची मुलगी रांगू लागली होती आणि त्याची बायको परत कामावर जाऊ लागली होती, म्हणून साताऱ्याचं भाड्याचं घर सोडून ती पुण्याला त्याच्याकडे गेली होती. बाळाचं वजन झालं, पुण्यातली कोथिंबीर महाग हे झालं, आणि मग त्याच सुरात ती म्हणाली,

“देव गावाला काकांकडे दिले रे. इथे सुनेला सकाळी सातची बस, याचा तर देवावर विश्वासच नाही. तिथे रोज पूजा तरी होईल.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं फोन तुटला. मग तीच म्हणाली की तू थोरला, तुझ्याकडेच यायचे खरं, पण तुझ्या त्या एवढ्याशा खोलीत कुठे ठेवणार. यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो. ती सरळ अडचण सांगत होती. घरातला दिवाही तिने बंद केला होता, बाळाचा हात लागेल म्हणून. फोन ठेवताना हसून म्हणाली, “आता मला सकाळी उठून काही कामच नाही बघ.”

मी ते कुणाला सांगितलं नाही. यंत्रावर पट्ट्या तुटत राहिल्या.

ऑक्टोबर संपताना टोळीचा मोठा सण असे, साउइन. त्यांचं वर्ष तेव्हा सरतं आणि मेलेली माणसं घरी जेवायला येतात, असं ते मानत. आपल्या पितृपक्षासारखंच, फक्त कावळ्याविना. टेबलावर एक ताट रिकामं मांडलेलं होतं. त्या दिवशीची रीत अशी, की जेवायला बसण्याआधी पाहुण्याने आपल्या घरची खबर सांगायची. पाहुणा मी एकटाच. सगळे माझ्याकडे बघू लागले.

बरं आहे, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण मृतांच्या ताटासमोर बसून मला ते जमेना. मी सांगितलं की आईने घर सोडलं, देव काकांना दिले, आता तिच्याकडे दिवा लागत नाही. जर्मनमध्ये हे फार थोडक्यात सांगून होतं.

मावशीने तंत्रज्ञाकडे पाहिलं, त्याच्या बायकोकडे पाहिलं. दोघांनी मान हलवली. मग मावशी उठल्या, भिंतीकडच्या बाकावर, जिथे घरची माणसं बसत, तिथे थोडी जागा केली आणि मला म्हणाल्या, “मग आता तू आमचा. इकडे येऊन बस.”

वर्षभर मला हेच हवं होतं. बाक तीन पावलांवर होता आणि मी खुर्ची सोडली नाही. तिकडे जाऊन बसलो असतो तर सातारा संपला, हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. खुर्चीत होतो तोवर मी कुठूनतरी आलेला माणूस होतो.

“नको,” मी म्हटलं. “मला पाहुणाच राहू द्या.”

आपलं काही चुकलं का, असं तंत्रज्ञाच्या चेहऱ्यावर दिसलं. मावशीच्या नाही. त्या परत आपल्या जागेवर बसल्या, नेहमीसारखं मला आधी वाढलं आणि म्हणाल्या की खबर अजून पुरी झालेली नाही.

“सांग,” त्या म्हणाल्या. “तुझी आई आता सकाळी उठून काय करते?”

“उठते,” मी म्हटलं, “आणि बसून राहते.”