दरवानाला लावलेली हळद

मास्तर संगणक सुरू करायचे तेव्हा सूतगिरणीचं सगळं ऑफिस श्वास रोखून बसायचं. गिरणीचा संगणक तेच चालवत. माणूस चिपाडाएवढा, पण आवाज असा, की धाराशिवात बोलले तर जळकोटची कुत्री उठावीत. "कुनी हलू नका! दार उघडतंय!"

तसलं यंत्र अख्ख्या मराठवाड्यात एकच होतं, निदान मी तसंच सांगत फिरायचो. एका डिस्कवर दोन सिस्टिम नांदायच्या. डॉसमध्ये गिरणीची पत्रं, युनिक्समध्ये दुष्काळी गावांना जाणाऱ्या आमच्या टँकरच्या पाळ्या. सुरुवातीला 'दोघांपैकी कुणाला उठवू?' असं विचारणारा चिमुकला प्रोग्रॅम म्हणजे बूट लोडर. मास्तर त्याला दरवान म्हणत. "दरवान गेला तर मानसं आत आन् घर बंद." म्हणून त्याची नक्कल एका फ्लॉपीवर, आणि ती धुतलेल्या रुमालात गुंडाळून कपाटात. किल्ली मात्र माझ्याकडं, कारकुनाकडं.

त्या वर्षी दसऱ्यालाही टँकर चालूच होते. खंडेनवमीला मी पूजेचं ताट घेऊन निघालो. "भाऊसाहेब, यंत्राला हळद नको. फडकं मारा, तीच पूजा," मास्तर म्हणाले. ते बौद्ध, मला वाटलं, म्हणून बोलतात. ते जेवायला गेले. मी यंत्र वगळलं, पण फ्लॉपीवर हळदीची पाच बोटं भक्तीनं ओढली, यंत्र जिथून वाचतं थेट त्या उघड्या फटीवरून.

आठवड्यानं विक्रेत्याच्या माणसानं नवा डॉस चढवला आणि दरवान पुसला गेला. "घाबरू नका, नक्कल हाय," म्हणत मास्तरांनी रुमाल सोडला. पिवळी बोटं पाहिली. मग माझी बोटं पाहिली. फ्लॉपी आत घातली. यंत्र नुसतं कुरकुरलं, युनिक्समधल्या पाळ्या आतच अडकल्या.

कागदावर पाळ्या होत्या त्या गेल्या आठवड्याच्या. चार दिवस टँकर गेले ते ओरडणाऱ्या गावांना. तामलवाडीपलीकडची मास्तरांची वस्ती ओरडणारी नव्हती. त्यांची आक्का आटलेल्या विहिरीत झऱ्याचं पाणी भरायला उतरली. पाय घसरला. वर काढली ती मेलेलीच.

चेअरमननी विचारलं, "फ्लॉपी कुणी खराब केली?" जन्मभर थापा मारणारा मी, नेमका तेव्हा मुका झालो. मास्तर म्हणाले, "माज्या ताब्यात व्हती, सायेब." त्यांची नोकरी गेली.

ते एसटीत चढताना मी विचारलं, "मास्तर, सांगू का खरं?"

"आता कुनाला सांगता? आक्काला?"

पुन्हा दिसले नाहीत. ही गोष्ट मी चारचौघांत शंभरदा रंगवलीय. माझ्या सांगण्यात हळद लावतो तो शिपाई. गिरणीच्या त्या ऑफिसात शिपाई नव्हताच.