स्क्रीन मोठी झाली अन् कडेच्या दोन फायली दिसल्या

दोस्तहो, आज दुपारपासून दुकानात बसवेना झालंय.

सोनपेठला काकांचा फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यापासून मीच चालवतो. त्यांचा जुना कॉम्प्युटर माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये जसाच्या तसा ठेवलाय, पण स्क्रीन लय बारकी दिसायची. आज एकदाचं त्यात गेस्ट ॲडिशन्स नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, रिझोल्यूशन वाढवलं, अन् आजवर कडेबाहेर राहिलेल्या दोन फायली दिसल्या.

पहिली ‘कै.’ लावून काकांच्याच नावाची. हार घातलेला फोटो, खाली मृत्यूची तारीख. तारीख बरोबर होती. फाइल मात्र ते जायच्या आठ दिवस आधी बनलेली, नंतर एकदाही न बदललेली.

काकूला विचारलं. ती म्हणाली, "हे समद्यांचेच हाराचे फोटो आधी करून ठेवायचे. ऐन टायमाला घरच्यांना चांगला फोटो सापडत न्हाई. तारखेची जागा तेवढी रिकामी सोडायचे."

दुसरी फाइल ‘कै.’ लावून माझ्या नावाची आहे.

मी ती उघडली नाही. रिझोल्यूशन पुन्हा कमी केलं, तशी ती कडेबाहेर गेली.

तुमी असता, तर तारखेची जागा रिकामी आहे का ते बघितलं असतं?