भासऱ्यांनी ओढलेली रेघ

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. लग्न होऊन आले तेव्हाच सासूने सांगून ठेवलं होतं, की भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी तोंडाने बोलायचं नाही. मला ते जड गेलं नाही. मी तशीही कोणाशी बोलत नाही. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते भिंतीकडे पाहत नवऱ्याला म्हणत, "तिले सांग गा," आणि मी नवऱ्याकडे पाहून मान हलवायची. तिघंही एकाच खोलीत असलो तरी असंच चालायचं.

त्यांचं डिझेल जीपगाड्यांचं गॅरेज आहे. गाडी कंपनीने दिली त्याहून जोरात पळवायची हौस असलेले लोक तिथे येतात. इंजिनाचा जळका धूर चार तोंडांतून बाहेर पडतो, एका बिडाच्या नळीत गोळा होतो आणि इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा पंखा फिरवतो. त्या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. बीड तेच, आपल्या तव्याचं. ती नळी नवी येते तेव्हा आतून ओबडधोबड असते, ओतकामाचे कंगोरे राहिलेले असतात. ते घासून काढले की धूर अडत नाही आणि टर्बो लवकर उचल खातो. हे घासायचं काम सहा वर्षं मी केलं, घराच्या मागच्या पडवीत पाटावर बसून, तोंडाला जुनी ओढणी बांधून.

पहिल्यांदा ते काम नवऱ्याने घरी आणलं होतं. त्याच्या हातात ग्राइंडर ठरत नव्हता. त्याने दोन तोंडं वाकडी केली आणि चहा प्यायला उठला. मी नुसतं पाहायला म्हणून करंगळी आत घातली. माझं माहेर विणकरांचं. चवथीनंतर शाळा सुटली आणि मी कांड्या भरायला बसले. सुतातली गाठ डोळे मिटून बोटाला कळायची. बिडातली गाठ तर त्यापुढे डोंगराएवढी. मी ग्राइंडर उचलला, आणि मग तो माझ्याकडेच राहिला.

भासरे मॅनिफोल्ड पाठवायचे तेव्हा प्रत्येक तोंडाभोवती खडूने रेघ ओढलेली असायची. इथपर्यंत मोठं कर, हा त्याचा अर्थ. रेघ नेहमी फार बाहेर असायची. त्यांचं म्हणणं, जेवढं भोक मोठं तेवढी गाडी पळते. पण चूल फुंकणाऱ्या बाईला विचारा. फुंकणीचं तोंड मोठं केलं तर वारा नुसता सुटतो, विस्तव पेटत नाही. धुराचंही तसंच. त्याला वाट गुळगुळीत पाहिजे, पण जोर राहील एवढी अरुंदही पाहिजे. शिवाय बाहेरची भिंत पातळ झाली की ती तापून फुटते. हे मला कोणी शिकवलं नाही. भंगारातल्या दोन नळ्या मी बिघडवल्या तेव्हा कळलं.

म्हणून मी त्यांची रेघ ओल्या फडक्याने पुसून टाकायची. तोंडावर नवऱ्याच्या डबीतला चुना लावायची, वर गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसते ती भोकांची पातळ पट्टी, ठेवून सुईने माझी रेघ ओढायची, गॅस्केटच्या भोकापेक्षा तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी बाहेर, बस. आतून फक्त कंगोरे काढायचे. टर्बोकडचं तोंड वाढवायचंच नाही. मग पाणी, ब्रश, पुन्हा पाणी, कारण बिडाचा एक कण राहिला तरी टर्बोचा पंखा खराब होतो. सहा वर्षांत भासऱ्यांना एकदाही कळलं नाही, की त्यांच्या रेघेपर्यंत मी कधी गेलेच नाही. ते मोजून पाहत नव्हते. फक्त आत टॉर्च मारून चमक पाहायचे.

मग ते फोनवर व्हिडिओ टाकू लागले. नवऱ्याने मोठ्या कौतुकाने मला एक दाखवला. त्यात मी आदल्या दिवशी घासलेला मॅनिफोल्ड होता आणि तो धरलेला भासऱ्यांचा हात होता, बोटात अंगठी. ते म्हणत होते, "मशीन नाही, भाऊ. हा हात पाहा. पूर्ण विदर्भात असा हात नाही." मी हात पाहिला. नखं स्वच्छ होती. माझ्या तळहाताच्या रेघांत बिडाची काळी पूड बसली आहे, ती साबणाने निघत नाही. सणाला मेंदी काढली तरी मधून काळं दिसतं.

तरी मी पुढचा मॅनिफोल्ड घासायला घेतला. चार लोकांत त्यांनी एकदा सांगावं, की हे काम आमच्या घरच्या सुनेचं आहे, एवढंच मला वाटायचं. एकदाच. रोज नाही.

एका सकाळी नवरा घाईत निघून गेला आणि घासलेला मॅनिफोल्ड घरीच राहिला. मी तो पिशवीत घालून गॅरेजवर नेला. तिथे भिवापूरचा एक मिरचीचा व्यापारी बसला होता, त्याचीच नळी होती ती. त्याने आत बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "या कोण व्हय?"

भासरे हसले. "आमच्या लहान्याची बायको. चवथी पास. मी घासतो, अन् ते खाली पडलेला कचरा झाडते. झाडू मस्त मारते, बरं का!"

तिथे बसलेले सगळे हसले. माझा नवराही हसला. तो खाली पाहून हसला, पण हसला.

मी रिकामी पिशवी घडी घालून परत आले. वाटेत रडले नाही. घरी येऊन भांडी घासली आणि ठरवलं, की यापुढे भासऱ्यांचा शब्द मोडायचा नाही. थोरल्यांचा मान ठेवायचा. खडूची रेघ पुसायची नाही.

पुढचा मॅनिफोल्ड त्याच व्यापाऱ्याच्या दुसऱ्या जीपचा आला. रेघ नेहमीपेक्षाही बाहेर होती. मी चुना लावला नाही, सुई काढली नाही. त्यांच्या रेघेपर्यंत घासत गेले, चारही तोंडं. तिसऱ्या तोंडाच्या वळणाशी आतून बोट आणि बाहेरून अंगठा लावला तेव्हा मध्ये पापडाएवढी भिंत राहिली होती. तिथे थांबता आलं असतं. रेघ अजून थोडी पुढे होती. मी रेघेपर्यंत गेले. नंतर आतून असा चकचकीत केला की त्यात पाहून कोणी भांग पाडावा. त्या व्यापाऱ्याचा काही गुन्हा नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. फुटली तर आवाज होईल, धूर होईल, गाडी थांबेल, माणसाला काही होणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी ते नीट तपासून पाहिलं नाही.

भासऱ्यांनी त्याचाही व्हिडिओ केला. "आजवरचं सगळ्यात मोठं भोक," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नवरा दुपारीच घरी आला. व्यापारी मिहानच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर जीप पळवत होता, तिथे नळी तडकली. गाडी फटफट करत, धूर ओकत बंद पडली आणि गॅरेजपर्यंत ओढून आणावी लागली. आता व्यापारी गॅरेजात नवा मॅनिफोल्ड घेऊन बसला होता आणि म्हणत होता, "व्हिडिओतला तो हात माझ्यासमोर चालवून दाखवा."

"ग्राइंडर दे लवकर," नवरा म्हणाला. "दादा वाट पाहून राहिला."

"ग्राइंडर येईन तं माझ्यासंगंच येईन."

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "तू काहून येतं वं? तिथं लोक आहेत."

मी ग्राइंडर पिशवीत घातला, पाट उचलला, चुन्याची डबी आणि सुई घेतली, आणि निघाले.

गॅरेजात भासऱ्यांनी ग्राइंडर हातात घेतला. म्हणाले, आज बिट बोथट आहे. व्यापारी म्हणाला, "बदला मंग." म्हणाले, व्होल्टेज कमी आहे. व्यापाऱ्याने वरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. "भरभर फिरून राहिला नं!" शेवटी त्यांनी ग्राइंडर चालू केला आणि तोंडाला टेकवला, तर तो उसळून बाजूला पळाला आणि सपाट जागेवर ओरखडा उठला. भासऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"तिले सांग गा, थोडं धरून दाखव म्हणा."

नवऱ्याने काही सांगायच्या आत मी पाटावर बसले. चुना लावला, गॅस्केट ठेवली, सुईने रेघ ओढली. ग्राइंडर चालू झाला की मला माणसं दिसत नाहीत. एकच तोंड घासलं, पण जसं घासायचं असतं तसं, अजिबात घाई न करता. डोक्यावरचा पदर कधी पडला ते कळलं नाही. तो मी परत घेतला नाही.

व्यापाऱ्याने आत बोट घातलं, फिरवलं. मग तडकलेल्या नळीत घातलं; तीही आतून तशीच गुळगुळीत होती. मग माझ्या हातांकडे पाहिलं. "ओरखडा तुमचा हाय," तो भासऱ्यांना म्हणाला, "अन् हात बाईचा हाय."

भासरे तेव्हाही बोलू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं, आणि मी उरलेलं काम मुकाट्याने करून दिलं असतं. ते खिशातला रुमाल काढून अंगठी पुसत राहिले.

मी उठले. ग्राइंडर त्यांच्या हातात दिला आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलले.

"उरलेले तीन तुम्ही घासा, भाऊजी. कचरा झाडाले मी थांबतो."

मी झाडू घेऊन दाराशी उभी राहिले. खरंच थांबले. ते किती वेळ तसेच उभे होते मला माहीत नाही, पण माझे पाय दुखले नाहीत. शेवटी व्यापाऱ्याने नळी उचलून माझ्या पिशवीत घातली आणि नवऱ्याला घरचा पत्ता विचारला.

आता लोक मॅनिफोल्ड थेट आमच्या दारात आणतात. घासते मी. धुवायचं आणि ब्रश मारायचं काम नवऱ्याकडे दिलं आहे, तो त्या दिवशी हसला होता म्हणून. पाणी थंडगार असतं तेव्हाही मी त्याला कोमट करून देत नाही. भासऱ्यांचे व्हिडिओ बंद झाले.

ती तडकलेली नळी मी मागून घेतली. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत घालते तेव्हा कापडाच्या टोकावर वजन म्हणून ठेवते. सासूची खोली वर गच्चीला लागून आहे, तिला भेटायला यायचं तर भासऱ्यांना आमच्या गच्चीवरूनच जावं लागतं. ते आले की मी पदर घेते, चहा ठेवते, आणि ती नळी थोडी सरकवून ठेवते, तडा त्यांच्याकडे येईल अशी. त्यांनी अजूनपर्यंत ते एक वाक्य म्हटलेलं नाही. तोपर्यंत ती नळी मी भंगारात देणार नाही.