तराजूवर टेकलेलं नाक

माझ्या नवऱ्याने काढलेलं व्यंगचित्र मुंबईच्या एका वर्तमानपत्रात रोज यायचं. एकच चौकट, खाली एक ओळ. अंबरनाथ स्टेशनवर लोक ह्यांना थांबवून हात जोडायचे. घरात पाण्याचा तांब्या कुठे असतो तेही ह्यांना ठाऊक नव्हतं. चाळीत कोण कोणाशी भांडलं ते मी जेवताना सांगायचं, ते ह्यांनी छापून आणायचं, आणि पाहुण्यांना सांगायचं, निरीक्षण लागतं.

उल्हासनगरच्या कॅम्पातून एक सिंधी विधवा आमच्या चाळीत पापड विकायला यायची. घरदार फाळणीत तिकडे सिंधमध्येच राहिलेलं. पापडावरच तिचं पोट. मला ती अदी म्हणायची, म्हणजे बहीण. मी कोणाशी फारशी बोलत नाही, तिच्याशी बोलायचे. एकदा मी आणि हे तिच्या बराकीत गेलो. तिने पाण्याबरोबर भाजलेला पापड पुढे केला, त्यांच्यात तशी रीत आहे. ह्यांनी तो खाल्ला, आणखी मागून घेतला, आणि सगळा वेळ तिच्या नाकाकडे बघत बसले.

मग चित्र आलं. पापडवालीच्या हातात तराजू, आणि तिचं लांबलचक नाक मालाच्या पारड्यावर टेकलेलं. खाली ओळ, ‘बाई, वजन चोख.’ चाळ पोट धरून हसली. त्यानंतर बायका तिचे पापड घरच्या काट्यावर पुन्हा तोलू लागल्या. वजन बरोबरच भरायचं, तरी एकेकीने घेणं सोडलं.

एक दिवस ती तो कागद घेऊन दारात उभी राहिली. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण चित्राला वाचायचं काय?

“अदी, मैंने कभी कम तोला?”

मी नाही म्हणून मान हलवली. 

“तो साहब को बोलो, वो भी छापे.”

मी ह्यांना सांगितलं. म्हणाले, चित्रातली बाई खरी नसते, तू चौथी शिकलेली, तुला ते कळायचं नाही. गावातल्या कारखान्याच्या साहेबाचं नाक तिच्याहून मोठं होतं. ते ह्यांनी कधी काढलं नाही. त्याच्याकडे हे दर रविवारी चहाला जात.

ती यायची थांबली. मग कधीतरी जेवताना ह्यांनी विचारलं, “पापड नाही?”

“पापडवाली येत नाही आता.”

“का?”

ह्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मी आमटी वाढली.

“नाक छान होतं,” म्हणाले, आणि भात कालवू लागले.